बाबा, शनिवारी चिपळूणला जायचंय

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रागावू नका. शनिवारी साडेअकराला तुमच्या मुरगळलेल्या घोट्याची सोनोग्राफी ठरवली आहे. न विचारता ठरवली, कारण "नवरात्र होऊ दे" हेच उत्तर आलं असतं.

एक्स-रेत हाड शाबूत आहे, मान्य. पण लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा दोर, एक्स-रेत दिसत नाही. पाऊल आत वळून मुरगळलं की बहुतेक वेळा बाहेरच्या घोट्यापुढचं लिगामेंट आधी दुखावतं, त्याला एटीएफएल म्हणतात. ते नुसतं ताणलंय, अर्धवट फाटलंय की पुरतं तुटलंय, हे सोनोग्राफीत कळतं. धड असेल तर ताणलेल्या सुंभासारखं, रेघारेघांचं दिसतं. तुटलं असेल तर मध्ये काळी फट. शिवाय डॉक्टर पाऊल हलवून सांधा किती सुटतो, तेही पडद्यावर तिथल्या तिथे बघतात. सांध्याच्या आतलं एमआरआयमध्ये जास्त दिसतं, पण तुमचा पेसमेकर जुना. सोनोग्राफीला त्याची अडचण नाही.

आई, ही फक्त बायकांची तपासणी नाही गं. गर्भलिंग निदान होत नाही अशी पाटी दिसेल, ती प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात लावावीच लागते.

सुई नाही, नळी नाही, उपाशीही राहायचं नाही. मऊभात-मेतकूट खाऊन निघा. पलंगावर पडून राहायचं, घोट्याला गार जेल लावतात, एवढंच. दादा गाडी घेऊन येईल, शृंगारतळीला चहाला थांबेल.

दिवसभर मी परक्यांचे घोटे हातात घेऊन बसते आणि तुमचा फोनवर बघते, हे फार लागतं मला. परवा आईने बोट दाबलं तेव्हा सुजेत पडलेला खळगा बराच वेळ भरला नाही. आणि विहिरीकडे तुम्ही पोफळीला धरून आडवे उतरत होतात. पऱ्याला पाणी आलं की मला खांद्यावर घेऊन पलीकडे जायचात, आठवतं? आधी दगड चाचपायचा, मग भार द्यायचा, हे तुम्हीच शिकवलंत.

आता ऐका. पाय कुणाकडून ओढून, चोळून घ्यायचा नाही. आंबेहळदीचा लेप लावा हवा तर, पण तपासणीच्या सकाळी धुऊन टाका. जुना एक्स-रे आणि पेसमेकरचं कार्ड पिशवीत घाला. रात्री पडवीतून एकटं उतरायचं नाही. लेंगा सैल घाला, गुडघ्यापर्यंत वर जाईल असा.

लिगामेंट तुटलेलं निघालं तरी घाबरू नका. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पट्टा आणि व्यायामाने पाय पुन्हा भरवशाचा होतो. एका पायावर तोल धरायचा व्यायाम मी स्वतः करून घेईन, तुमचा हात धरून.

शनिवारी रजा मिळाली नाही, रविवारी दुपारी पोचते. जांभ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ तोवर कुणी घासायचं नाही. ब्लीचिंग पावडर मी आणते.

तुमची,
सुमी