बाळ्या आमच्याजवळच राहील

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर बाबांचा आवाज चढला की मला पुढचं सुचत नाही, म्हणून लिहूनच पाठवतेय. बाळ्याला जूनपासून गाणं शिकायला धारवाडला गुरुजींकडे ठेवायचं नाही असं आम्ही ठरवलंय. आई, आधी सगळं वाच, लगेच रडायला बसू नकोस.

बाबा, तुम्ही म्हणता हा काकांची झेरॉक्स आहे, तेच कपाळ, तोच गळा, गाणं रक्तातच आहे, नुसतं वळण लावायचं. पण रक्तातनं किती येतं ओ? अगदी क्लोन केला तरी तोच माणूस होत नाही. 2001 साली टेक्सासला एका तीनरंगी मांजरीचा क्लोन केला, तर पिल्लावर नारिंगी ठिपकाच नाही, कारण कुठल्या पेशीत रंगाचा कुठला जीन बंद पडणार ते गर्भात आपापलं ठरतं. अंगावरचा रंग उतरत नाही, तर गाणं कसं उतरेल? आपल्या जुळ्या आत्याच बघा की, आजीसुद्धा ओळखायला चुकायची, पण स्वभाव?

आणि कुमारजींचं तर तुम्हीच मला सांगितलंत. सुळेभावीचं पोर, लहानपणी मोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गायचं, म्हणजे नक्कल तेव्हाच येत होती. पण ते कुमार गंधर्व झाले ते मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकून, मग क्षयानं एक फुप्फुस निकामी झालं, देवासला वर्षानुवर्षं अंथरुणात, गायला बंदी, आणि कानावर माळव्याची लोकगीतं पडत राहिली, त्या सगळ्यातनं. त्यांचा क्लोन केला तरी त्याला ते देवास कुठनं आणून देणार? आणि तसला आजार तर कुणी कुणाला देऊच नये.

गळा वारशानं मिळतो, ते मला मान्य आहे. बाळ्या सुरात आहेच. पण सध्या त्याला सायकलची चेन काढून परत बसवायचं वेड आहे आणि ते करता करता तो गातो, मनापासून गातो. काकांचा तंबोरा अजून खोळीतच आहे, तुम्हाला त्याच्यात काका दिसतात, दिसूदेत, मलाही कधी कधी दिसतात. फक्त त्याच्यासमोर ते बोलू नका, एवढंच मागते.

इथं गाण्याच्या बाई चांगल्या आहेत, जेवणखाण माझ्या हातचं, आणि मे महिनाभर तो तुमच्याकडेच. बाबा, तुम्हीच शिकवा त्याला. मला मांडीवर घेऊन भूप म्हणायचा, मी झोपले तरी थोपटत म्हणतच राहायचा, तसं.

आता ऐका. बीपीची गोळी नाश्त्यानंतर लगेच, विसरायचं नाही. तंबोरा काढायला माळ्यावर बाबांनी चढायचं नाही, शेजारच्या पोराला बोलवा. आई, कुंद्याचा डबा बाबांच्या हाताला लागेल असा ठेवू नकोस, आणि गुडघ्याला तेल रोज लाव. गुरुजींना मी स्वतः फोन करते, तुम्ही काही बोलायला जाऊ नका.

तुमची,
ताई