‘उरले’ दिसले की वजाबाकी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘एकूण, मिळून म्हणजे बेरीज, उरले, दिले, कमी म्हणजे वजाबाकी’ असा तक्ता नागपुरातल्या कितीतरी प्राथमिक वर्गांत आणि शिकवण्यांत भिंतीवर लावलेला दिसतो. (छापील मिळतो, रंगीत असतो, भिंत भरते; एवढाच त्याचा गुण.) तिसरी-चौथीची मुले शाब्दिक उदाहरणांत अडकतात, त्यात या तक्त्याचा वाटा मोठा आहे.

हे उदाहरण पाहा. ‘टोपलीत काही संत्री होती. १८ विकली, २७ उरली. आधी किती होती?’ तक्त्याप्रमाणे ‘विकली’ आणि ‘उरली’ दोन्ही वजाबाकीचे शब्द. मूल २७ − १८ = ९ लिहून मोकळे होते. वजाबाकी बिनचूक, उत्तर चूक. नऊ संत्र्यांतून अठरा विकली कशी, एवढे विचारले तरी त्याचे त्यालाच हसू येते. पण तसे कोणी विचारत नाही.

एकाच गोष्टीची तीन उदाहरणे एकाच दिवशी फळ्यावर शेजारी शेजारी मांडावीत: ४५ − १८ = □, ४५ − □ = २७, □ − १८ = २७. सरावात बहुतेक वेळा पहिलेच येते, म्हणून चौकट जागची हलली की मुले गडबडतात. त्या दिवशी उत्तर काढायला सांगूच नये. गोष्ट वाचायची आणि चौकट कुठे बसते ते ठरवायचे, बस. तिसऱ्या प्रकारात मांडणी वजाबाकीची असते आणि करायची असते बेरीज. इथे शिक्षकही घसरतात आणि □ − १८ = २७ या मांडणीवर लाल फुली मारतात. ती मांडणी बरोबर आहे. गोष्ट तशीच घडली आहे. उत्तरासाठी विकलेली संत्री मनातल्या मनात टोपलीत परत टाकायची. शेवटाकडून उलटे येत प्रत्येक क्रिया फिरवण्याची ही रीत भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त दिली आहे.

तुलनेची उदाहरणे याहून चकवणारी. ‘राजूकडे १२ बोरे आहेत. ती मीनाच्या बोरांपेक्षा ५ ने जास्त आहेत. मीनाकडे किती?’ ‘जास्त’ दिसले की १७ ठरलेले. इथे एकाखाली एक दोन पट्ट्या काढायच्या, डावी टोके जुळवून. आकडे लिहिण्याआधी एकच प्रश्न: कोणाची पट्टी लांब? राजूची. मग तिच्यावर १२, जास्तीच्या तुकड्यावर ५ आणि मीनाच्या पट्टीवर प्रश्नचिन्ह. ७ हे उत्तर समोर दिसते. ‘५ ने जास्त’ आणि ‘५ पट’ यांतला घोळही पट्टीवरच सुटतो: एकात एक तुकडा जोडायचा, दुसऱ्यात सारखे पाच तुकडे काढायचे. २० पर्यंतच्या संख्यांना चौकटीच्या वहीत एक घर म्हणजे एक चालते. त्यापुढे अंदाजाने लांबी घ्यावी, नाहीतर सगळा तास घरे मोजण्यात जातो.

बरोबरच्या चिन्हाचाही एक रोग आहे. ८ + ४ = □ + ५ दिले की अनेक मुले चौकटीत १२ लिहितात, कारण ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असे त्यांच्या मनात पक्के झालेले असते. पहिलीपासून अधूनमधून १२ = ८ + □ असे उलटे लिहून द्यावे आणि चिन्ह ‘तेवढेच’ असे वाचायला लावावे. तराजूची दोन पारडी दाखवली तर आणखी बरे.

चाचणीच्या पेपरात जे येते तेच वर्गात घोटले जाते. म्हणून पेपर काढणाऱ्यांना विनंती: दहा शाब्दिक उदाहरणांपैकी निदान चारांत चौकट सुरुवातीला किंवा मधे असू द्या. मांडणीला किंवा चित्राला १ गुण आणि उत्तराला १ गुण ठेवा. आणि एका उदाहरणात ‘संत्री ६० रुपये डझन’ असा कामात न येणारा आकडा मुद्दाम घाला. दिसेल तो आकडा मिळवणारे मूल तिथे लगेच सापडते.

– प्राथमिक गणिताचे काही शिक्षक, नागपूर