50 ओहम सांगून 75 ओहमची केबल दिलीत, बदलून द्या

नमस्कार साहेब,

माझं देवगडला बोटींवरचे वायरलेस सेट, जीपीएस, फिशफाइंडर रिपेअर करायचं दुकान आहे. मे महिन्यात तुमच्याकडून जीपीएस टायमिंग रिसीव्हर, फ्रिक्वेन्सी मोजायचा काउंटर आणि कनेक्टर बसवलेली 30 मीटर केबल घेतली, बिलावर आरजी-58, 50 ओहम (हा केबलचा इम्पिडन्स, म्हणजे धावत्या पल्सला होणारा विरोध) असं स्पष्ट लिहिलंय. दुकानाभोवती सगळे माड, म्हणून रिसीव्हर गच्चीवर आणि तिथून दर सेकंदाची पल्स केबलने खाली काउंटरला.

पहिल्या दिवसापासून काउंटर चुकतोय. तो एका पल्सपासून पुढच्या पल्सपर्यंत, म्हणजे एका सेकंदातली कंपनं मोजतो; 10 मेगाहर्ट्झ दिलं तर 1 कोटी दिसायला पाहिजेत, दिसतात फक्त 6! तुमचा माणूस आला, मल्टिमीटर लावला आणि केबल ओके आहे म्हणून गेला. त्याला दोष नाही देत, पल्सचा आकार दाखवणारा स्कोपच नव्हता त्याच्याकडे, पण मल्टिमीटरला वायर तुटलीय की नाही एवढंच कळतं हो, केबल 50 ची की 75 ची ते पल्स सोडल्यावरच दिसतं.

शेवटी मित्राचा स्कोप आणला. 5 व्होल्टची पल्स खालच्या टोकाला 8 च्या वर उडते, 300 नॅनोसेकंदांनी 3 च्या खाली पडते आणि अजून 300 नी परत चढते, कारण टोकाला टर्मिनेशन (पल्स शोषून घेणारा, केबलच्या ओहमइतकाच रेझिस्टर) नाही, पल्स आपटून गच्चीवर जाते नि परत येते. काउंटर साडेतीन व्होल्टच्या आसपास पल्स पकडतो, म्हणून एकीच्या दोन धरतो, आणि मधल्या 600 नॅनोसेकंदांत 6 च मोजून होणार ना (10 मेगाहर्ट्झचं एक कंपन 100 नॅनोसेकंदांचं).

मग तुम्ही 50 चा टर्मिनेटर पाठवलात. डबल पकडणं थांबलं, पण पल्स आधी 3.3 वर अडते आणि 300 नॅनोसेकंदांनी 3.8 च्या जवळ जाते, काउंटर कधी पहिल्या पायरीवर पकडतो कधी दुसऱ्या, आकडा 3 नी खालीवर. तेव्हा संशय आला, टोकावरचं तुमचं स्टिकर सोललं तर खाली छापलंय आरजी-59, म्हणजे टीव्हीवाली 75 ओहमची. 150 ओहमचे दोन रेझिस्टर पॅरलल लावून 75 केले, पल्स एका दमात 4.2 ला गेली.

आता तसंच वापरा म्हणू नका. माझ्या बाकीच्या मशीनच्या आत 50 चं टर्मिनेशन कायमचं बसवलेलं आहे आणि पैसे तुम्ही 50 चे घेतलेत. 1 ऑगस्टला मासेमारी सुरू होते, त्याआधी बोटींचे सेट 156.8 मेगाहर्ट्झवर तपासून द्यायचेत, चॅनेल 16 वरच खलाशी मदत मागतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात खरी आरजी-58 पाठवा, कनेक्टरवर वॉटरप्रूफ टेप मारून, इथल्या खाऱ्या हवेत ते लगेच हिरवे पडतात. जुनी केबल तुमच्या खर्चाने न्या.

बिल आणि स्कोपचे फोटो सोबत जोडलेत.