मुक्ताचा हात एकच, वहीही एकच

क्वीन्स, न्यूयॉर्क
१२ ऑक्टोबर

ती. दादा आणि वहिनी यांना सा. न. वि. वि.

मुक्ताने टेनिस आणि बेसबॉल दोन्ही खेळावं का, हे फोनवरचं बोलणं अर्धं राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो. टेनिसचे सर म्हणतात बेसबॉल सोडा, त्या फेकीने सर्व्हिस (टेनिसमध्ये चेंडू खेळात आणायला डोक्यावरून मारायचा फटका) बिघडते. शाळेचे क्रीडाशिक्षक म्हणतात संघात तिच्यासारखी फेक कुणाची नाही, सोडू नका. दोघांचंही थोडंथोडं खरं आहे. मला विचाराल तर तेराव्या वर्षी काहीच सोडायची गरज नाही. फक्त दोन्ही खेळांत झिजतो तो खांदा आणि कोपर एकच असतो, तेव्हा त्याचा हिशोब एकाच वहीत ठेवा. सध्या दोन शिक्षक दोन वेगवेगळे हिशोब ठेवतायत, खरा धोका तिथे आहे.

आधी साम्य सांगतो. जोंधळ्याच्या राखणीला बसलेला माणूस गोफण कशी मारतो ते डोळ्यांसमोर आणा. मागचा पाय जमिनीत रोवला जातो, मग कंबर वळते, कंबरेमागून छाती, मग खांदा, कोपर आणि सगळ्यात शेवटी मनगट. आसुडाच्या मुठीतला जोर टोकाला जाऊन कडाडतो, तसंच हे. पिचरचा, म्हणजे बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्याचा, हात मागे जातो तेव्हा दंड खांद्याच्या रेषेत असतो आणि कोपरापुढचा हात इतका मागे पडतो की तळवा आभाळाकडे होतो. सर्व्हिसच्या वेळी रॅकेट पाठीमागे लोंबते, तेव्हाही खांदा जवळपास तिथेच असतो. कंबर आणि छाती एकदमच वळली की ही साखळी तुटते, आणि पायांनी द्यायचा जोर खांद्याला एकट्याला द्यावा लागतो. मुक्ताची फेक चांगली आहे म्हणजे ही साखळी तिच्या अंगात बसलेली आहे. टेनिसमध्ये ती शिकवायला कित्येक महिने जातात. क्रिकेटची गोलंदाजी इथे कामाला येत नाही, कारण त्यात कोपर सरळ ठेवावं लागतं. सीमारेषेवरून केलेली फेक मात्र कामाला येते.

आता सरांचं खरं कुठे आहे ते. पिचर २५.४ सेंटीमीटर उंच मातीच्या उंचवट्यावरून १८.४४ मीटर लांब, खालच्या दिशेने फेकतो. टेनिसमध्ये बेसलाइनपासून (कोर्टाची मागची रेषा) पलीकडच्या सर्व्हिस रेषेपर्यंतचं (सर्व्हिस तिच्या आत पडावी लागते) अंतर १८.२९ मीटर, म्हणजे जवळपास तेवढंच. पण मध्ये नेट आहे, मधोमध ९१.४ सेंटीमीटर उंच. नेटपासून ती रेषा ६.४० मीटरवर. चेंडू सरळ रेषेत मारून आत पाडायचा तर रॅकेट निदान २.६१ मीटर उंचीवर चेंडूला लागली पाहिजे. मुक्ताचा हात रॅकेटसकट तेवढा पोचत नाही. म्हणून तिने पिचरसारखं पुढे-खाली मारलं की चेंडू नेटमध्येच जाणार. तिला रॅकेट वर न्यावी लागेल आणि चेंडूला फिरकी द्यावी लागेल, म्हणजे तो नेटवरून जाऊन खाली वळेल. बेसबॉलमधला कर्व्हबॉल असाच पडतो. चेंडूचा वरचा भाग पुढे फिरतो आणि हवा त्याला खाली ढकलते.

उपाय सोपा आहे. बेसलाइनवर उभं राहून जुना टेनिसचा चेंडू खांद्यावरून असा फेकायचा की तो नेटच्या बराच वरून जाऊन समोरच्या बेसलाइनपाशी पडेल. अशा दहा फेकी. लगेच रॅकेट घेऊन त्याच चालीत दहा सर्व्हिस. नजर वरच राहिली पाहिजे, हनुवटी लवकर खाली आली की कंबर मोडते. हे बेसबॉलने करू नका. त्याचं वजन १४२ ते १४९ ग्रॅम असतं, टेनिसच्या चेंडूचं ५६ ते ५९.४. रॅकेट कुऱ्हाड धरतो तशी, कडा पुढे करून धरायची. तळवा पुढे करून धरली की चेंडू सपाट जातो, फिरकी लागतच नाही. ही पकड सुरुवातीला अवघडच वाटते आणि मुलं गुपचूप जुनीवर येतात, तेव्हा लक्ष ठेवा.

दोन हातांच्या बॅकहँडबद्दल (उजव्या खेळाडूचा डाव्या बाजूचा फटका) वहिनींनी विचारलं होतं. मुक्ता उजवी आहे. बॅट धरताना तिचा उजवा हात वर असतो. बॅकहँडला मात्र उजवा खाली आणि डावा वर, म्हणजे डावखुऱ्या फलंदाजासारखा. म्हणून तिला रोज बॅटने वीस फटके डाव्या बाजूने, चेंडूशिवाय मारायला सांगा. बॅकहँड सुधारेल आणि बेसबॉलमध्ये दोन्ही बाजूंनी खेळता येईल. फरक एवढाच की बॅट फटक्यानंतर मनगटांवरून उलटते. रॅकेट तशी उलटली की चेंडू नेटमध्ये. रॅकेट चेंडूच्या खालून वर निघाली पाहिजे.

आता वही. हे नीट वाचा.

मेजर लीग बेसबॉल (इथली सर्वोच्च व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (इथली राष्ट्रीय संघटना) यांनी मिळून ‘पिच स्मार्ट’ नावाचे नियम केलेत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच, म्हणजे पिचरच्या फेकी. चौदा वर्षांपर्यंत २० पिचपर्यंत विश्रांतीची सक्ती नाही, २१ ते ३५ झाल्या तर एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ च्या पुढे चार दिवस पिचिंग बंद. हे आकडे सामन्यातल्या पिचचे आहेत. सर्व्हिस त्यांत नाही. ती मोजायची पद्धत माझी स्वतःची आहे: पूर्ण जोराची सर्व्हिस म्हणजे एक फेक, हळू असेल तर अर्धी. पिचिंगच्या दिवशी आणि विश्रांतीच्या दिवसांतही सर्व्हिसचा सराव नाही, फक्त फोरहँड-बॅकहँड. ज्या दिवशी पिचिंग, त्या दिवशी कॅचरचं (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याचं) कामही करायचं नाही, कारण कॅचरही दिवसभर फेकतच असतो.

त्याच नियमांत वर्षातले चार महिने फेक बंद ठेवायला सांगितलंय, त्यातले दोन-तीन सलग. टेनिसमुळे नेमकी हीच विश्रांती मोडते: बेसबॉल थांबतो आणि सर्व्हिस सुरू होते. आपल्याकडे एप्रिल-मे त्यासाठी योग्य. उन्हाने तसंही मैदानावर उभं राहवत नाही. सकाळी लवकर कोर्टवर जाऊ दे, पण डोक्यावरून हात नाही.

या वयात कोपराच्या आतल्या बाजूला हाड अजून वाढत असतं, तिथला वाढीचा भाग कच्चा असतो आणि प्रत्येक फेकीला ताणला जातो. मोठ्यांमध्ये तिथला अस्थिबंध फाटतो. डॉक्टर फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा पिचर टॉमी जॉन याच्या कोपरात दुसरीकडचा स्नायुबंध बसवला, तेव्हापासून ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. मुक्ताच्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं, फेकीचा वेग कमी झाला किंवा फेकताना कोपर खांद्याच्या खाली घसरू लागलं, तर त्याच दिवशी थांबवा. मलम चोळून सामना खेळवू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

महिन्यातून एकदा खांदा तपासा. तिला पाठीवर झोपवा, दंड खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात. खांदा जमिनीवरून न उचलता हात पायांच्या दिशेने किती खाली जातो ते दोन्ही बाजूंनी बघा. फेकीच्या हाताचं थोडं कमीच भरतं, पण फरक वीसेक अंशांच्या पुढे गेला तर फिजिओथेरपिस्टला दाखवायचं. रोजच्या व्यायामाला सायकलची जुनी ट्यूब पुरते. ती खिडकीच्या गजाला बांधा, काखेत टॉवेलची घडी दाबा, कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेर ओढा. पंधराचे दोन फेरे, सावकाश. घडी पडली तर कोपर सुटलं असं समजायचं.

दोन खेळांचं एका घरात जमतं का, असं आई विचारत होती. तिला अमेरिकेची टेनिसपटू बिली जीन किंग हिचं सांगा. लहानपणी सॉफ्टबॉल खेळायची, अकराव्या वर्षी टेनिसकडे वळली आणि ग्रँड स्लॅमची ३९ विजेतेपदं मिळवली. तिचा धाकटा भाऊ रँडी मॉफिट १९७२ ते १९८३ मेजर लीगमध्ये पिचर होता. २०१८ मध्ये ती डॉजर्सची भागीदारही झाली. आणि जॅकी रॉबिन्सन, आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, त्याने त्याआधी १९३६ मध्ये मुलांची टेनिस स्पर्धा जिंकली होती. इथे सात नंबरच्या गाडीने मेट्स-विलेट्स पॉइंटला उतरलं की एका बाजूला बेसबॉलचं सिटी फील्ड आणि दुसऱ्या बाजूला बिली जीन किंगच्याच नावाचं टेनिस केंद्र. यूएस ओपन तिथे होते.

मुक्ताच्या दहा फेकी आणि दहा सर्व्हिसचा व्हिडिओ पाठवा. मोबाइल तिच्या उजव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, हलू न देता. मागून काढलेल्या व्हिडिओत कोपर दिसत नाही. वही आजपासून सुरू करा, आणि दोन्ही शिक्षकांना ती दर आठवड्याला दाखवा.

आईला नमस्कार. तिच्या गुडघ्याचं कळवा.

तुमचा,
सुधीर