गाडी ऑइल खाते म्हटलं तर तुम्ही थेट इंजिन खोलायला निघालात

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख,
मुख्य कार्यालय

विषय: पुण्यातल्या तुमच्या अधिकृत वर्कशॉपने ऑइल कमी होण्याच्या तक्रारीची तपासणी न करता फुल इंजिन कामाचं एस्टिमेट दिल्याबद्दल, आणि न विचारता लावलेल्या पैशांबद्दल

सप्रेम नमस्कार,

आधीच सांगून टाकतो, माझी गाडी नवीन नाहीये, 2011 चं पेट्रोल मॉडेल आहे, रीडिंग पावणेदोन लाखाच्या पुढे गेलंय, आणि ती ऑइल खाते म्हणून मी तुमच्याकडे फुकट इंजिन मागायला आलेलो नाही. हे इतकं स्पष्ट लिहायचं कारण म्हणजे तुमच्या हेल्पलाइनवर ज्यांच्याशी बोललो त्यांनी "सर, व्हेईकल आउट ऑफ वॉरंटी आहे" याच्यापुढे गाडी काही जाऊ दिली नाही. वॉरंटी कधीच संपली हो, मला माहितीये. पण सर्व्हिसचे पैसे मी या महिन्यात भरलेत ना, तक्रार त्या सर्व्हिसची आहे.

गाडी सोडताना मी तुमच्या ॲडव्हायजरला (नाव जॉब कार्डवर आहे, इथे लिहीत नाही, त्या पोराचा एकट्याचा दोष नाहीये) सगळं नीट सांगितलं होतं. रोजचं रनिंग धायरी ते शिवाजीनगर, म्हणजे सिंहगड रोडचं ट्रॅफिक, अर्धा वेळ फर्स्ट सेकंडमध्येच. गावात चालवली तर ऑइलची लेव्हल फारशी हलत नाही पण साताऱ्याला जाऊन आलं की एकदम खाली आलेली दिसते, हजार किलोमीटरला धरून चाला साधारण पाऊण लिटर. सकाळी पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून निळा धूर येतो, एकच फुसका, मग काही नाही. जुन्या कात्रज घाटातून सेकंड गिअरला उतरत आलो आणि खाली येऊन ॲक्सिलेटर दिला की परत तसाच निळा ढग मागे. पण चढताना, गाडी भरलेली असताना, एसी चालू असतानासुद्धा धूर नाही आणि पिकअपही ठीक. खाली जमिनीवर तेलाचा डाग नाही, कूलंट कमी होत नाही. आता एवढं सगळं सांगितल्यावर जॉब कार्डवर काय लिहिलं तर "ऑइल कन्झम्प्शन हाय, चेक". संपलं.

यातलं घाट उतरतानाचं का महत्त्वाचं आहे ते तुमच्या ट्रेनिंग विभागाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार, तरी लिहितो, कारण वर्कशॉपमध्ये कुणाला ऐकायला वेळ नव्हता. गिअरमध्ये पाय काढून उतरताना थ्रॉटल बंद असतो, इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाते त्या वाटेत) व्हॅक्यूम जोरात तयार होतो, आणि व्हॉल्व्हचे सील (तेल अडवणारे छोटे रबर) कडक झाले असतील तर हेडमधलं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातलं ऑइल व्हॉल्व्हच्या कडेने आत ओढलं जातं, मग पाय दिला की जळतं. सकाळचा धूर पण तिथलाच, रात्रभर थेंब थेंब खाली उतरलेलं असतं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर धूर सहसा लोडवर येतो, चढाला येतो, सारखा येतो. म्हणजे गाडी स्वतःच ओरडून सांगत होती की आधी वरती बघा, हेडकडे. तुमच्या वर्कशॉपने प्लगसुद्धा काढून बघितले नाहीत. हे मी अंदाजाने म्हणत नाहीये, काचेतून गाडी पूर्ण वेळ दिसत होती आणि बिलात तपासणीची एकही लाइन नाही.

तरी संध्याकाळी मला सांगण्यात आलं की "सर इंजिन वीक झालंय, फुल इंजिन करावं लागेल", पिस्टन, रिंग, बेअरिंग, हेड काम, लेथ, सगळं मिळून साठ हजाराच्या वरचं एस्टिमेट. मी विचारलं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते) किती आलं? तर म्हणे "सर गाडी जुनी आहे, एवढ्या रनिंगला होतंच". अहो जुनी आहे हे गाडीचं वय झालं, निदान कुठाय? सोसायटीत एका घरातला नळ गळतो म्हणून सांगायला जावं आणि कमिटीने थेट रीडेव्हलपमेंटचीच फाइल पुढे करावी तसला हा प्रकार. आणि योगायोग बघा, त्याच संध्याकाळी तुमच्याच शोरूममधून फोन, "सर तुमच्या जुन्या गाडीवर चांगला एक्स्चेंज बोनस आहे". 15 वर्षं होत आली की रजिस्ट्रेशन पुढच्या 5 वर्षांसाठी रिन्यू करता येतं, आरटीओत गाडी दाखवून, ग्रीन टॅक्स भरून, हे मला माहिती आहे आणि माझा तोच विचार आहे. गाडी विकायची की ठेवायची ते मी बघीन. माझा नंबर सर्व्हिसच्या फाइलमधून सेल्सवाल्यांकडे कसा गेला ते तेवढं सांगा.

आता खरा राग कशाचा आहे ते. घरी आणून दुसऱ्या दिवशी सपाट जागेवर, इंजिन गरम करून, बंद करून दहा मिनिटं थांबून डिपस्टिक काढली. पुसली, परत घातली, परत काढली. ऑइल वरच्या खुणेच्या कुठल्या कुठे वर, जवळजवळ जिथे पट्टी वळते तिथपर्यंत ओलं. मला आधी वाटलं पाइपच्या कडेचं लागलं असेल म्हणून परत परत बघितलं, तेच. मग बिल काढलं तर त्यात साडेचार लिटर ऑइल लावलेलं, आणि तुमच्याच मॅन्युअलमध्ये फिल्टरसकट 3.5 लिटर लिहिलंय. म्हणजे जे कमी होतं ना ते आधीच जास्त भरून ठेवा, गिऱ्हाईक लवकर परत येणार नाही, असा हा उपाय दिसतो. जास्त ऑइल भरलं की क्रँक, म्हणजे इंजिनाच्या तळाशी फिरणारा दांडा, त्यात आपटत फिरतो, तेलाचा फेस होतो, फेसाळलेलं तेल नीट प्रेशर देत नाही आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या पाइपातून) उडून इनटेकमध्ये जातं. एअर फिल्टरचा डबा उघडला तर ब्रीदरचा पाइप जिथे येतो तिथे आतून तेलाने माखलेला, फिल्टरच्या कोपऱ्यावर तपकिरी डाग, हा फिल्टर तुम्हीच आदल्या दिवशी नवीन टाकलेला. ऑइल खाते म्हणून आणलेली गाडी अजून जास्त ऑइल खाईल अशी करून दिलीत.

वर ते ऑइल 20 डब्ल्यू 50 (हे ऑइलच्या जाडपणाचे नंबर, आकडे मोठे तेवढं तेल जाड). मॅन्युअलमध्ये 5 डब्ल्यू 30 आहे. जुन्या इंजिनाला थोडं जाड ऑइल वापरतात आणि त्याने कधीकधी फरकही पडतो हे मला मान्य आहे, 10 डब्ल्यू 40 टाकू का असं विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं. पण एकदम इतकं जाड, ते पण न विचारता, आणि सकाळी स्टार्ट केल्यावर टॅपेटचा टकटक आवाज जो आधी कधी नव्हता तो आता सुरू. शिवाय इंजिन फ्लश आणि "ऑइल ट्रीटमेंट" अशा दोन बाटल्या बिलात आहेत ज्या मी मागितल्या नव्हत्या आणि एस्टिमेटवर पण नव्हत्या, आणि इतक्या जुन्या इंजिनात फ्लश टाकायच्या आधी निदान एक फोन तरी करायचा.

आणि एक गोष्ट, ही तुम्ही खरंच गांभीर्याने घ्या. मी निघताना विचारलं की परत कमी झालं तर किती दिवसांनी चेक करू, तर उत्तर आलं "काही टेन्शन घेऊ नका, कमी झालं की मीटरवर ऑइलची लाइट लागेल, तेव्हा या". अहो ती लाइट लेव्हलची नाहीये, प्रेशरची आहे! ती लागते तेव्हा पंपाला ओढायला तेल मिळत नसतं, बेअरिंग कोरडं पडायला लागलेलं असतं, तिथे गाडी जागेवर बंद करायची असते, चालवत वर्कशॉपला आणायची नसते. मला माहिती होतं म्हणून ठीक. तिथे माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते त्यांची पण जुनीच गाडी होती, त्यांना पण हेच सांगितलं असणार. त्यांचं इंजिन जाम झालं तर मग तुम्ही म्हणणार गाडी जुनी होती.

मग मी गाडी नऱ्ह्याला आमच्या नेहमीच्या मेकॅनिक काकांकडे नेली. त्यांनी पहिलं काम काय केलं तर चेंबरचा, म्हणजे खाली ऑइल साठतं त्या टाकीचा नट ढिला करून जास्तीचं ऑइल काढलं. दुसरं, टॅपेट कव्हरवरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतला गॅस इनटेककडे सोडणारी छोटी झडप) उपसला आणि माझ्या कानाशी धरून हलवला. चांगला असेल तर आत टिकटिक वाजतो, हा मुका, आत काळा डिंक जमलेला. हा बंद पडला की क्रँककेसमधलं, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातलं प्रेशर बाहेर पडायला जागा शोधतं आणि जाताना ऑइल घेऊन जातं. नाना पेठेतून नवीन आणला, किंमत एवढी की तुमच्या त्या दोन बाटल्यांच्या पैशात असे दोन-तीन आले असते. मग चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन घेतलं, चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास, आणि वरून चमचाभर ऑइल सोडून परत घेतलं तरी आकडा फारसा वाढला नाही (रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट बुजून वाढला असता), म्हणजे कॉम्प्रेशनच्या रिंगा धरून आहेत. काकांनी हे पण सांगितलं की कॉम्प्रेशन बरं आलं म्हणजे खालची ऑइल रिंग शंभर टक्के मोकळी आहे असं नाही, ती कार्बनने चिकटली तरी गेजवर दिसत नाही, पण धुराची लक्षणं बघता आधी सील बदलू, इंजिन खोलायचं नंतर बघू. हेड न उतरवता, प्लगच्या होलमधून हवेचं प्रेशर देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवले आणि सील बदलले. जुने सील नखाने दाबले तर प्लास्टिकच्या टोपणासारखे कडक.

गावात लेव्हल का हलत नव्हती तेही त्यांनीच सांगितलं. छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापत नाही, थोडं पेट्रोल आणि पाण्याची वाफ तेलात मिसळत राहते, त्यामुळे पट्टीवर लेव्हल फसवी दिसते, आणि हायवेला तासभर गरम झालं की ते सगळं उडून जातं आणि खरी लेव्हल समोर येते. हे मला तुमच्या एसी वेटिंग रूममध्ये कुणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता गाडी ऑइल खायची पूर्ण थांबलीये का, तर नाही, थोडं खाते, पण आधीच्या मानाने पाव सुद्धा नाही आणि सकाळचा धूर बंद झालाय. या वयाला एवढं मला चालतं. साठ हजाराचं काम होतं म्हणे.

आता मला काय हवंय ते. पहिलं म्हणजे या इंजिनाला तुमच्या कंपनीच्या हिशोबाने हजार किलोमीटरला किती ऑइल जाणं "नॉर्मल" आहे ते मला लेखी द्या. वर्कशॉपमध्ये तोंडी सांगितलं की "एक लिटरपर्यंत चालतं". काही कंपन्या असा आकडा मॅन्युअलमध्ये देतात हे खरं आहे, पण मग तुमचा ऑइल चेंज 10,000 किलोमीटरला, म्हणजे मधल्या काळात 10 लिटर जळणार आणि चेंबरमध्ये मावतं साडेतीन, हा हिशोब मला कुणीतरी समजावून सांगा. आणि एक लिटर चालत असेल तर माझी गाडी पाऊण लिटरच खात होती, मग फुल इंजिन कशासाठी? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील?

दुसरं, फ्लश, ट्रीटमेंट, जास्तीचं एक लिटर ऑइल आणि तेलाने खराब झालेला एअर फिल्टर याचे पैसे परत. बाकी लेबर वगैरे मी मागत नाहीये, फिल्टर बदलला, चाकं फिरवली, ते काम झालंय. ज्या एस्टिमेटवर फुल इंजिन लिहिलंय त्याला आधार म्हणून कुठली टेस्ट केली, तिचे आकडे द्या, नसतील तर टेस्ट केली नाही असं लिहून द्या. आणि सर्व्हिस फाइलमधला माझा नंबर सेल्सच्या यादीतून काढा.

30 दिवसांत लेखी उत्तर आलं तर विषय माझ्याकडून संपला. नाही आलं तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकणार आणि तिथे पण काही झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतल्या त्रुटीबद्दल अर्ज करणार, एवढ्या रकमेला तिथे फी पण लागत नाही. धमकी समजू नका, पुढचा कार्यक्रम कळवतोय.

सोबत जॉब कार्ड, बिल, एस्टिमेट, मॅन्युअलचं ऑइलचं पान, डिपस्टिकचे आणि एअर फिल्टरचे फोटो आणि मेकॅनिक काकांनी लिहून दिलेले कॉम्प्रेशनचे आकडे जोडलेत. गाडीचा नंबर आणि माझा मोबाइल जॉब कार्डवर आहेच.

कळावे,
आपला ग्राहक,
धायरी, पुणे

ता.क. जुना पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि काढलेले सील एका पिशवीत ठेवलेत. तुमचा टेक्निकल माणूस बघायला येणार असेल तर रविवारी सकाळी अकराच्या आत यावं, नंतर मी झोपतो.