सवलत सामायिक विजेच्या युनिटवर द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उद्योगांनी एकत्र येऊन सौर व पवन प्रकल्प उभारावेत म्हणून आर्थिक सवलती दिल्या जातात, हे योग्यच आहे. परंतु त्या नेमक्या कशावर द्याव्यात, याची चर्चा फारशी होत नाही. सौर यंत्रसामग्रीवर ४० टक्के दराने घसारा (यंत्रांच्या झिजेपोटी करपात्र नफ्यातून वजा होणारी रक्कम) मिळतो, पण त्याचा उपयोग ज्याच्या हाती करपात्र नफा आहे त्यालाच होतो. जेमतेम तग धरून असलेल्या लहान कारखान्यासाठी ही सवलत कागदावरच राहते.

२००५च्या विद्युत नियमांनी सामूहिक कॅप्टिव्ह प्रकल्पासाठी, म्हणजे अनेक उद्योगांनी मिळून स्वतःच्या वापरासाठी उभारलेल्या वीज प्रकल्पासाठी, दोन अटी घातल्या: वीज वापरणाऱ्या उद्योगांचे किमान २६ टक्के भागभांडवल असावे आणि वर्षभरात तयार झालेल्या विजेपैकी किमान ५१ टक्के वीज त्यांनीच वापरावी. अटी पाळल्यास क्रॉस सबसिडी अधिभार (वितरण कंपनीऐवजी दुसरीकडून वीज घेतल्यास तिला द्यावा लागणारा जादा आकार) लागत नाही, आणि अशा प्रकल्पाचे बरेचसे गणित याच माफीवर बसते. मात्र मंदीमुळे एखाद्या मोठ्या भागीदाराने एक पाळी बंद केली आणि एकूण वापर मर्यादेखाली गेला, तर त्या वर्षाची सगळीच वीज बाहेरच्या उत्पादकाकडून घेतल्यासारखी धरली जाते. शेजाऱ्याच्या मंदीचा भुर्दंड आपल्या बिलात येणार असेल, तर लहान उद्योजक भागीदारीला बिचकणारच.

माझ्या मते सवलत उभारणीच्या खर्चावर न देता प्रत्यक्ष वाटून घेतलेल्या युनिटवर द्यावी. एखाद्या ओतकाम कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीला भट्टी थंड असते, पण छतावरची पॅनेल्स वीज तयार करतच असतात, आणि भिंतीपलीकडच्या शीतगृहाचे कॉम्प्रेसर त्याच दुपारी पूर्ण भाराने चालू असतात. दोन्हीकडच्या मीटरची दर पंधरा मिनिटांची नोंद जुळवली, की किती वीज खरोखर वाटली गेली हे निर्विवाद कळते. इटलीने २०२४पासून ऊर्जा समुदायांसाठी (एकत्र येऊन वीज तयार करून वाटून घेणाऱ्या गटांसाठी) हेच तत्त्व स्वीकारले आहे. एकाच मुख्य उपकेंद्राखालील सदस्यांनी प्रत्येक तासात ग्रिडला दिलेली आणि ग्रिडमधून घेतलेली वीज यांपैकी जी कमी, ती सामायिक धरली जाते आणि तिच्यावर वीस वर्षे प्रोत्साहन मिळते. या समुदायांत मोठ्या कंपन्यांना सदस्यत्व नाही. लघु व मध्यम उद्योगांना आहे. आपल्याकडे मोठ्यांना वगळण्याची गरज नाही, कारण भांडवल बहुधा त्यांच्याकडेच असते, पण लहान सदस्याने वापरलेल्या युनिटला अधिक दर देता येईल.

हा पैसा अर्थसंकल्पातून यावा. अधिभार माफ करून दिलेली सवलत फुकट वाटते, पण वितरण कंपनीची ती तूट अखेर इतर ग्राहकांच्या दरात भरून काढली जाते, आणि त्या ग्राहकांत सामूहिक प्रकल्पात शिरू न शकलेले लहान कारखानेही असतात. त्यांना भागभांडवलासाठी तारणाविना कर्ज मिळावे आणि त्याचा हप्ता वीजबिलातील बचतीतून वळता करण्याची सोय नियमातच असावी.

आपला,
एक लघुउद्योजक