मेटल बँडचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचा तर बावीस ट्रॅक हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीतल्या एका तरुण मेटल बँडच्या कार्यक्रमाचे लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकून आपल्या पुरवणीत अभिप्राय छापून आला आहे. 'नुसता गोंगाट, एकही वाद्य ओळखू येत नाही,' असे त्यात म्हटले आहे. वाद्ये ओळखू येत नाहीत, हे खरेच आहे. मात्र त्याचे खापर मेटल या संगीतप्रकारावर फोडणे आम्हाला पटत नाही. हे रेकॉर्डिंग हॉलच्या मिक्सरमधून बाहेर पडणाऱ्या दोन वायरींवरून घेतलेले आहे, हे पहिल्या मिनिटातच कळते. गायक अगदी कानाशी, बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पुढे आणि दोन्ही गिटार कुठेतरी लांब.

असे होण्याचे कारण सोपे आहे. सहा-सातशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात बारा इंची चार स्पीकरची गिटारची पेटी स्टेजवरूनच शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. झांजांचेही तसेच. त्यामुळे मिक्सरवर बसलेला माणूस हॉलच्या स्पीकरमध्ये गिटार जवळजवळ सोडतच नाही. गायकाचा आवाज आणि बास ड्रम तेवढे उचलतो, आणि हॉलसाठी ते बरोबरच असते. पण मिक्सरच्या आउटवर मिळते ती फक्त त्याने घातलेली भर. स्टेजवरून थेट आलेला अर्धा आवाज त्यात नसतोच. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगची तऱ्हा वेगळी. फोन आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतो, म्हणून प्रत्येक ठोक्याला बाकीचे सगळे संगीत खाली दबते आणि पुन्हा वर येते.

उपाय एकच. प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचा आणि मिक्सिंग नंतर शांतपणे करायचे. यासाठी मुंबईहून ध्वनिमुद्रणाची गाडी मागवावी लागत नाही. बेहरिंगर एक्स३२ सारखा डिजिटल मिक्सर आता भाड्याने मिळतो आणि त्यातून यूएसबीच्या एका वायरीने ३२ ट्रॅक लॅपटॉपमध्ये जातात. मिक्सर ठरवताना एवढे विचारून घ्यावे: मोठ्या एक्स३२ ला ३२ माइक थेट लागतात, पण कॉम्पॅक्ट, प्रोड्यूसर आणि रॅक या प्रकारांना १६ च. त्यांच्यासोबत स्टेजबॉक्स (स्टेजवर ठेवायची, जादा माइक जोडायची पेटी) मागावा लागतो. आणि ट्रॅक फेडर-इक्वलायझरच्या (पातळी आणि आवाजाचा पोत बदलणाऱ्या बटणांच्या) आधीचे, म्हणजे माइकचा आवाज प्रथम वाढवणाऱ्या प्रीअँपवरून थेट, जात आहेत ना हे तपासावे. नाहीतर हॉलसाठी केलेली प्रत्येक उलथापालथ रेकॉर्डिंगमध्ये उतरते.

दोन गिटार, बास, ड्रम आणि गायक अशा बँडला २२ ट्रॅक लागतात. बास ड्रमला आत एक आणि पुढच्या भोकाशी एक. स्नेअरला (खालच्या कातड्यावर तारा असलेल्या छोट्या ड्रमला) वर एक, खाली एक. तीन टॉमना तीन, हाय-हॅटला (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीला) एक, ड्रमच्या डोक्यावर दोन. झाले दहा. बास गिटारला डीआय (वाद्याची वायर थेट मिक्सरला जोडणारी डबी) आणि पेटीसमोरचा माइक. प्रत्येक गिटारला माइक आणि डीआय. गायक आणि साथीचा गायक यांचे दोन. उरलेले चार माइक प्रेक्षकांकडे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी जागा लागते, म्हणजे दीड तासाच्या कार्यक्रमाला १७ जीबीच्या आसपास. पातळी ठेवताना हात आखडता घ्यावा. साउंडचेकला ड्रमर कधीच पूर्ण जोर लावत नाही, म्हणून चाचणीत सर्वांत मोठा ठोका उणे १२ डीबीच्या वर जाऊ देऊ नये. २४ बिटमध्ये कमी पातळीने काही बिघडत नाही, पण एकदा लाल दिव्यावर गेलेला ठोका पुन्हा सरळ होत नाही.

स्नेअरच्या खालच्या माइकचे Ø बटण (ध्वनिलहर उलटी करणारे) दाबायला हमखास विसरतात. काठी पडली की वरचे कातडे वरच्या माइकपासून दूर जाते आणि खालचे कातडे खालच्या माइककडे येते. दोन्ही ट्रॅक एकत्र केले की ते एकमेकांना खातात आणि स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. तेवढे एक बटण दाबले की अंग परत येते.

मेटलची खरी परीक्षा डबल बासवर, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवलेल्या बास ड्रमवर, होते. मिनिटाला २०० च्या लयीत मात्रेला चार ठोके पडले, तर सेकंदाला तेरा ठोके होतात आणि दोन ठोक्यांत जेमतेम ७५ मिलिसेकंद उरतात. हॉलचा घुमारा एकच सेकंद असला, तरी प्रत्येक ठोक्यामागे आधीच्या तेरा ठोक्यांचे अवशेष फिरत असतात. 'गोंगाट' वाटतो तो इथे. म्हणून आतला माइक बीटरच्या (पेडलवरच्या हातोडीच्या) जवळ ठेवावा, ड्रममध्ये कातड्याला टेकेल अशी उशी घालावी आणि नमद्याऐवजी प्लास्टिकचा किंवा लाकडी बीटर वापरावा. कडेला पिएझो ट्रिगर (ठोक्याचा कंप टिपणारा सेन्सर) लावून त्याचाही ट्रॅक घेतला तर उत्तमच. तो ऐकवायचा नसतो. पुढे मिक्सिंगमध्ये गेट (ठोका नसताना ट्रॅक बंद ठेवणारे साधन) नेमक्या क्षणी उघडायला तो कामी येतो.

गिटारचा माइक, साधा शुअर एसएम५७ पुरतो, पेटीच्या जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवावा. स्पीकरच्या मधोमध रोखला तर आवाज कर्कश येतो, अगदी कडेला नेला तर मंद. मधली टोपी जिथे कागदी शंकूला मिळते, ती जागा बहुतेक वेळा बरोबर निघते. डीआयचा ट्रॅक त्या रात्री निरुपयोगी वाटतो, पण माइक सरकला किंवा पेटी फाटकी वाजली, तर दुसऱ्या दिवशी तोच कोरा ट्रॅक पुन्हा अँप्लिफायरमधून काढता येतो. डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज) मात्र घरी ठेवता त्याहून कमी ठेवा. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना जसे उपस्वर जागे करतात, तसेच डिस्टॉर्शनही मूळ स्वरावर उपस्वर चढवते, आणि ते अति झाले की मूळ स्वरच झाकला जातो. स्टुडिओत एकच गिटार दोनदा वाजवून डावी-उजवीकडे ठेवतात. लाइव्हमध्ये ती सोय नाही, म्हणून एक वादक पूर्ण डावीकडे आणि दुसरा पूर्ण उजवीकडे ठेवावा.

गायकांना एक कळकळीची विनंती. माइकची जाळी मुठीत धरू नका. माइकच्या मागच्या फटी बंद झाल्या की तो समोरचेच ऐकायचे सोडून चहूकडचे ऐकू लागतो. मग मॉनिटर (गायकासमोरचा स्पीकर) शिट्टी मारतो आणि आवाजाच्या ट्रॅकमध्ये झांजा घुसतात. त्या नंतर काढता येत नाहीत.

प्रेक्षकांचे माइक आमच्याकडे कोणी लावतच नाही, आणि त्यांच्याशिवाय लाइव्ह रेकॉर्डिंग तालमीसारखे कोरडे लागते. दोन माइक स्टेजच्या दोन्ही टोकांना, प्रेक्षकांकडे तोंड आणि हॉलच्या स्पीकरकडे पाठ करून लावावेत. दोन मागे लावावेत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणून २० मीटर मागच्या माइकवर स्नेअर ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिक्सिंगला बसल्यावर तो ट्रॅक तेवढा अलीकडे ओढावा, नाहीतर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. प्रेक्षकांच्या माइकवरचे १५० हर्ट्झच्या खालचे सगळे कापून टाकावे.

आता विजेबद्दल. दिव्यांचे डिमर आणि आवाज एकाच फेजवर असले की गिटारमध्ये गुणगुण शिरते. दोन्ही वेगळ्या फेजवर घ्यावेत, मात्र स्टेज आणि मिक्सरसह आवाजाची सगळी यंत्रणा एकाच फेजवर राहील हे पाहावे. उरलेली गुणगुण डीआयवरच्या ग्राउंड लिफ्टने (सिग्नलच्या वायरीची अर्थ-जोडणी तोडणाऱ्या बटणाने) जाते. प्लगची अर्थिंगची पिन काढून ती घालवण्याची जी पद्धत सर्रास दिसते, ती जीवघेणी आहे. गिटारवादकाचा हात तारांवर आणि ओठ माइकला असतात, विजेला तेवढा रस्ता पुरतो. मिक्सर आणि लॅपटॉप यूपीएसवर हवेत. वेव्ह फाइलच्या लांबीची नोंद रेकॉर्डिंग थांबवताना पूर्ण होते, म्हणून मध्येच वीज गेली तर अख्खी फाइल न उघडण्याचा धोका असतो. दर चार-पाच गाण्यांनी थांबवून नवी फाइल सुरू करावी.

जगातल्या नावाजलेल्या लाइव्ह अल्बममागे हीच शिस्त आहे. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचे जपानमधले ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९७२ मध्ये तीन रात्री, फक्त आठ ट्रॅकवर झाले. ध्वनिमुद्रक होते मार्टिन बर्च. पुढे १९८५ मध्ये आयर्न मेडनचा 'लाइव्ह आफ्टर डेथ' त्यांच्याच हातून आला, तोही अनेक रात्रींतून निवडून. मोटरहेडच्या १९८१ च्या गाजलेल्या लाइव्ह अल्बमच्या नावात लंडनचे हॅमरस्मिथ आहे, पण मुद्रण मुख्यतः लीड्स आणि न्यूकॅसलचे. आयर्न मेडनच्या 'फ्लाइट ६६६' या लाइव्ह अल्बममधले पहिले गाणे तर १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत मुद्रित झाले आहे. आपल्या हवेत हे जमत नाही, असे म्हणायला जागा नाही. आमच्या मुलांनीही एकाच कार्यक्रमावर विसंबू नये, दोन-तीन कार्यक्रम मुद्रित करून त्यातले उत्तम निवडावे. स्टुडिओत नंतर दुरुस्ती करण्यात आम्हाला गैर वाटत नाही. जुडास प्रीस्टच्या १९७९ च्या टोकियो मुद्रणातही गायनाचा भाग नंतर पुन्हा गायला गेला. तसे केले असेल तर अल्बमवर लिहावे, एवढेच.

हे सगळे करायला वेळ लागतो, आणि तोच आपल्याकडे मिळत नाही. संध्याकाळी सातच्या कार्यक्रमाला हॉल पाचला हातात येतो. बावीस माइक लावायला दीड तास आणि तपासायला तेवढाच, हा हिशेब दोन तासांत बसत नाही. उघड्या मैदानात तर आणखी अडचण, कारण ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहाला स्पीकर बंद करावे लागतात आणि उशिरा सुरू झालेला कार्यक्रम लांबवता येत नाही. सांगली-मिरजेतल्या नाट्यगृहांच्या व्यवस्थापनांनी संगीताच्या कार्यक्रमांसाठी दुपारी एकपासून हॉल द्यावा, त्याचे वेगळे भाडे लावले तरी चालेल. स्टेजवर आवाजासाठी दिव्यांपासून वेगळी, तपासलेल्या अर्थिंगची लाइन द्यावी आणि ती कुठल्या फेजवर आहे हे बोर्डावर लिहून ठेवावे.

आपले,
ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायातील दोन वाचक, मिरज